आकाश कॉपी करतं का?

लातूरच्या क्लासात मी दोन वर्षं काढली आणि तिथं एकच गोष्ट पक्की शिकले, ती म्हणजे कॉपी कशी पकडायची. भौतिक, रसायन आणि जीवशास्त्रही शिकवत असत, पण त्यातलं माझ्या डोक्यात फारसं टिकलं नाही, आणि हे बारावीच्या निकालानं आमच्या सगळ्या कंधार गावाला कळवलं.

आमच्या क्लासचे सर रविवारची चाचणी झाली की दोन-दोन उत्तरपत्रिका शेजारी ठेवून बसायचे. बरोबर उत्तरं जुळली तर ढुंकून बघायचे नाहीत. "बरोबर उत्तर सगळ्यांचं सारखंच येणार, त्यात काय दिवे लावले?" असं म्हणायचे. पण दोघींची चुकीची उत्तरं जुळायला लागली की सरांचा चेहरा खुलायचा. एखादी चूक योगायोगानं जुळेल, दोन जुळतील. ओळीनं सगळ्याच कशा जुळतील? तेच प्रश्न खालीवर करून पेपरचे चार-चार सेट काढायचे, पोरींना लांब लांब बसवायचे, तरी आम्ही काय कमी होतो होय! सर मग त्या दोघींना उभं करायचे आणि "कुणी कुणाचं बघितलं?" एवढंच विचारायचे. त्या दोघींपैकी एक मी किती वेळा होते ते विचारू नका.

पुढं नांदेडला संख्याशास्त्रात एम.एस्सी. करताना मी हाच उद्योग आकाशावर केला. त्याचीच ही हकिकत आहे.

पण आधी आमच्या अण्णांबद्दल सांगते, कारण यातली सगळी गंमत आणि सगळा घोर त्यांच्यामुळंच झाला. अण्णा, म्हणजे माझे वडील, कंधारच्या बस स्टँडवर कंट्रोलर होते. खिडकीमागं बसून माईकवरून गाड्या पुकारायचे. त्यांच्या तोंडून "माहीत नाही" हे शब्द कधी कुणी ऐकले नाहीत. बिलोलीची गाडी कुठं पडली असेल ते देवालाही ठाऊक नसायचं, पण अण्णा ठणकावून सांगायचे, "येऊन राहिली, येऊन राहिली, नाक्यावर हाय." लोक निवांत बसायचे. माझ्याबद्दलही त्यांनी गावाला असंच ठणकावून सांगून ठेवलं होतं, की पोरगी डॉक्टर होऊन राहिली. ती गाडी काही आली नाही. त्या काळात लातूरच्या चौकाचौकात नंबरात आलेल्या पोरांचे हे एवढाले फोटो लागायचे. माझा फोटो फक्त हॉस्टेलच्या ओळखपत्रावर लागला, तोही डोळे मिटलेला. अण्णा मला एका शब्दानं बोलले नाहीत, पण महिनाभर मला "तुम्ही" म्हणत राहिले. "तुम्ही जेवलात का?" असं सख्ख्या बापानं विचारल्यावर घास गिळायचा कसा, सांगा.

नांदेडला मला जे मार्गदर्शक सर मिळाले ते तिथल्या जुन्या मुसलमान घरातले. घरचा धंदा पिढ्यान्‌पिढ्या घड्याळं दुरुस्त करायचा. सरांनी घड्याळं सोडली, पण समोर आलेली प्रत्येक वस्तू कानाला लावून बघायची खोड काही सुटली नव्हती. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, "बेटा, तुला काय येतं?"

"कॉपी पकडता येते, सर."

जीभ माझी ही अशी, डोक्याच्या आधी धावणारी. सर हसले नाहीत. त्यांनी टेबलावरचा इंग्रजी झेरॉक्सचा एक गठ्ठा माझ्याकडं सरकवला आणि म्हणाले, "मग हे वाच. विश्वाचा आकार कसा आहे ते आकडेवारीनं कसं शोधायचं, ते लिहिलंय यात."

मी आठ दिवस वाचलं. पहिल्या सहा दिवसांत काही म्हणता काही कळलं नाही. सातव्या दिवशी मला दादाचं गाव आठवलं आणि एकदम उजेड पडला.

हा दादा म्हणजे माझा आतेभाऊ. भूकंपात आमची आत्या गेली. तिचं सगळं गावच गेलं. दादा तेव्हा बारावी रिपीट करायला लातूरला राहिला होता म्हणून वाचला. हे मी एका दमात लिहून टाकते, कारण थांबले की पुढं लिहवत नाही. आत्या मला माझ्या आईपेक्षा जास्त आवडायची, आणि आईला ते माहीत होतं. दादानं मग बारावी दिलीच नाही. ज्या क्लासात शिकायचा त्याच क्लासाचे पेपर टाईप करायला बसला. क्लास वाढत गेले, पेपर वाढत गेले आणि दादाची बघता बघता कॉम्प्युटरची खोली झाली.

सरकारनं त्याला नव्या गावात घर दिलं. ही नवी गावं तुम्ही बघितली असतील. सरळ रेघा मारल्यासारख्या गल्ल्या आणि सगळी घरं एकसारखी, तेच दार, तीच खिडकी, तोच ओटा. पहिल्या भाऊबिजेला मी ओवाळायला गेले. घरात शिरले, चपला काढल्या, थेट आत जाऊन बसले आणि "दादा कुठाय?" म्हणून हाक मारली. घरातल्या बाईनं मुकाट्यानं चहा टाकला. माझा अर्धा कप पिऊन झाल्यावर तिनं विचारलं, "कोनाची गं तू?"

मी लाजेनं अर्धी झाले. बाई म्हणाली, "असू दे, रोजचंच हाय हे. परवा माझाच नवरा शेजारी जेवून आला."

आता बघा. समजा तुम्ही त्या गावात नाकासमोर चालत निघालात. घर लागतं, पुन्हा तसंच घर, पुन्हा तसंच. ही वेगवेगळी घरं आहेत, की गल्लीच कुठून तरी वळून पुन्हा त्याच घरापाशी येते? विश्वाबद्दलचा प्रश्न थेट हाच आहे. विश्व असंही असू शकतं, की त्याला कुठंही भिंत नाही, कुंपण नाही, पण ते अमर्यादही नाही. एका बाजूनं निघालेला दुसऱ्या बाजूनं परत येतो. तसं असेल तर एकाच दीर्घिकेचा, म्हणजे ताऱ्यांच्या एका मोठ्या वस्तीचा, उजेड आपल्याकडं दोन-तीन वाटांनी येईल आणि ती एकच वस्ती आपल्याला दोन-तीन ठिकाणी दिसेल. बरं, तोंडावरून ओळखावं म्हटलं तर तेही जमत नाही. जवळच्या वाटेनं आलेला उजेड अलीकडचा, लांबच्या वाटेनं आलेला फार जुना. एकीकडं ती म्हातारी दिसणार आणि दुसरीकडं ऐन जवानीतली.

म्हणून तोंडं बघायचीच नाहीत, नुसती अंतरं मोजायची. दीर्घिकांच्या यादीतली प्रत्येक जोडी घ्यायची आणि त्या दोघींमधलं अंतर काढायचं. सगळ्या खरोखर वेगवेगळ्या असतील तर अंतरं कशीही पडतात आणि आलेख टेकडीसारखा गुळगुळीत येतो. पण आकाश स्वतःचीच नक्कल पुढं पुढं उतरवत असेल, तर मूळ आणि नक्कल यांच्यातलं एकच अंतर पुन्हा पुन्हा येतं आणि टेकडीवर एक सुळका उभा राहतो.

मी सरांच्या खोलीत धावतच गेले. "सर, म्हणजे आकाश कॉपी करतं का ते बघायचं!"

सरांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "हाव," ते म्हणाले. "असंच समज."

सुळका आला तरी तो योगायोगाचा नाही हे कशावरून? त्यासाठी खोटी आकाशं बनवायची. कॉम्प्युटरला सांगायचं, मनाला येईल तिथं ठिपके टाक, आणि त्याही ठिपक्यांची अंतरं काढायची. अशी ढीगभर खोटी आकाशं बनवून बघायचं, की नुसत्या योगायोगानं केवढा सुळका येऊ शकतो. खरा सुळका त्याहून बराच उंच असला तरच त्याला मानायचं. मेसच्या काकू मला रोज विचारायच्या, "आज काय केलं गं कॉलेजात?" मी म्हणायची, "चार-पाच आकाशं केली, काकू. सगळी टाकाऊ निघाली." काकू शेजारणीला म्हणाल्या, पोरगी चांगल्या घरची हाय पण जरा हवा लागलीय तिला.

आता घोर कसला होता तो ऐका. वर्षाच्या शेवटी आमचे सेमिनार ऐकायला पुण्याच्या एका संशोधन संस्थेतल्या मॅडम येणार होत्या. त्यांना हाताखाली संशोधनाला एक विद्यार्थी हवा होता, एकच. मला ती जागा हवी होती. इतकी हवी होती, की मी चक्क अभ्यास करायला लागले होते. सुट्टीत घरी जाऊन मी अण्णांसमोर विषय काढला. अण्णांनी सुपारी कातरता कातरता ऐकून घेतलं.

"तिथं जाऊन काय करनार?"

"हेच. विश्वाचा आकार शोधणार."

"मग हितं काय करून राहिली?"

"तेच."

"मग हितं सापडला तर जा," अण्णा म्हणाले. "काही न्हाई सापडलं तर पुण्याला जाऊन काय उपयोग? न सापडायला नांदेड काय वाईट हाय?"

अण्णांचा शब्द म्हणजे सुटलेली गाडी, हात करून थांबत नाही. मी ताटावरून उठले आणि परसात जाऊन रडले. आईनं बाजूनं बोलून बघितलं, पण अण्णांचं एकच: काही सापडलं तर पुणं, न्हाई तर कंधार. कंधारला एका शाळेत गणिताची जागाही त्यांनी बघून ठेवली होती.

तेव्हा मला सुळका हवा होता. शास्त्रासाठी नव्हे, पुण्याच्या गाडीसाठी.

विभागात कॉम्प्युटर एकच होता. त्याला मखमली कापड घातलेलं असायचं, आणि देवघरात जावं तशा चपला बाहेर काढून आत जायचं. तिथं बसून एवढाली यादी टाईप करू कोण देणार? म्हणून मी यादीचं झेरॉक्स लातूरला दादाकडं पाठवलं. प्रत्येक दीर्घिकेचे तीन आकडे होते: किती पुढं, किती बाजूला, किती वर. दादाला चिठ्ठीत लिहिलं, "माझ्या परीक्षेचं काम आहे, जिवापाड जपून कर." दादानं पंधरा दिवसांत फ्लॉपी पाठवली, वर लाल शाईनं "गोपनीय" लिहून.

मी प्रोग्रॅम चालू केला. एवढ्या यादीची अंतरं काढायला कॉम्प्युटरला अख्खा दिवस लागायचा आणि दुपारी हटकून लाईट जायची. लाईट गेली की सगळं पहिल्यापासून. मी लाईटवाल्यांना ज्या शिव्या दिल्या त्या इथं छापता येणार नाहीत. शेवटी एका सणाच्या दिवशी लाईट टिकली. संध्याकाळी तो प्रिंटर करकर करत कागद बाहेर ढकलायला लागला आणि मी बघतच राहिले.

टेकडीवर सुळका होता. एक नव्हे, तीन!

पहिला चाळीसवर, उंचापुरा. दुसरा ऐंशीवर, त्याहून बुटका. तिसरा एकशेवीसवर, आणखी बुटका. माझ्या एकाही खोट्या आकाशात याच्या नखाएवढाही सुळका आला नव्हता. म्हणजे आकाश कॉपी करत होतं! दर चाळीस मापांवर तेच आकाश पुन्हा येत होतं, आणि ते बघणारी जगातली पहिली बाई नांदेडमध्ये अनवाणी उभी होती. मी प्रिंटरची पापी घेतली, खोटं सांगत नाही.

सरांनी आलेख बघितला. कानाला लावला असता तर नवल वाटलं नसतं. म्हणाले, "बेटा, आधी शक कर. खुशी नंतर. चार दिवस कुणाला सांगू नको."

मी मान डोलावली, आणि तिथून थेट एसटीडी बूथवर गेले.

अण्णा फोनवरच ओरडले, "सापडला?" मी म्हणाले, "सापडला!" पुढं काय झालं ते मला आईकडून कळलं. अण्णांनी फोन ठेवला, माईक उचलला आणि अख्ख्या स्टँडला ऐकवलं, "प्रवाशांनी इकडं लक्ष द्यावं. कंधारच्या लेकीनं विश्वाचा आकार शोधलेला आहे. बिलोलीला जाणारी गाडी फलाटावर लागलेली आहे." बिलोलीचे प्रवासी म्हणे टाळ्या वाजवत गाडीत चढले. गल्लीत पेढे वाटले गेले. मारुतीच्या पाराला आणि दर्ग्याला नारळ गेला. सेमिनारच्या दिवशी शाल, हार आणि फेटा घेऊन निम्मी गल्ली नांदेडला यायची ठरली. अण्णा मला पुन्हा "तू" म्हणायला लागून बराच काळ झाला होता, पण त्या दिवशी फोनवर त्यांनी मला "माय" म्हटलं.

सेमिनारच्या आदल्या सकाळी सरांनी मला बोलावलं. आलेख त्यांच्यासमोर होता.

"दुसरा सुळका पहिल्यापेक्षा लहान का?"

"लांबच्या नकला कमी दिसत असतील, सर."

"बरं. मग चौथा कुठंय? एकशेसाठवर?"

"चौथा नाहीये, सर."

"का नाहीये? विश्व दर चाळीसवर पुन्हा येतं म्हणतेस. मग तीनदा येऊन दमलं का ते?"

मेसमध्ये येऊन बसले. जेवण समोर, पण भूक कुणाला? मी ताटाभोवतीच्या वाट्या उगाच एका ओळीत मांडत बसले. शेजारणीच्याही घेतल्या. ओळीत चार वाट्या झाल्या. शेजारी-शेजारी अशा जोड्या किती? तीन. मधली एक सोडून? दोन. दोन्ही टोकांची? एक. तीन, दोन, एक. माझे तीन सुळके याच मापानं उतरत गेलेले होते! म्हणजे आकाश दरवेळी येतच राहत नव्हतं. आकाश ओळीनं चारदा मांडलं होतं आणि संपलं होतं.

चारदा. मी त्या वाट्यांकडं बघत राहिले, आणि लातूरला शिकलेल्या कुठल्याही पोरीला चार म्हटल्यावर जे आठवतं तेच मला आठवलं. सेट ए, सेट बी, सेट सी, सेट डी.

"अगं बाई गं!" मी एवढ्यानं ओरडले, की काकूंच्या हातातली पळी पडली.

बूथवरून लातूरला फोन लावला. "दादा, तू माझ्या यादीचे चार सेट काढलेस?"

"मग? काढनार न्हाई तर काय?" दादाच्या आवाजात नुसता अभिमान. "तूच लिवलं ना, परीक्षेचं काम हाय म्हनून. एका सेटात कुनी पेपर काढतं का? ओळी खालीवर केल्या, नंबर नवे टाकले. कुनाचा बाप आला तरी कॉपी करू शकत न्हाई."

"आणि आकडे? थांब, सांगू नकोस. एका रकान्यात चाळीस मिळवलेस. पुढच्या सेटला आणखी चाळीस. त्याच्या पुढच्याला आणखी चाळीस."

"तुला कसं कळलं गं?" दादा म्हणाला. "हे तर मी कुनालाच सांगितलं न्हाई."

लातूरला गणिताच्या पेपरात असंच करतात. गणित तेच, सेट बदलला की आकडा बदलायचा. दादानं ते इमानदारीनं केलं होतं आणि चारही सेट एकाच फ्लॉपीत घातले होते. यादी चौपट फुगली तरी संख्याशास्त्राच्या या विद्यार्थिनीनं एकदाही ओळी मोजून बघितल्या नाहीत, उलट "दादानं किती भरपूर काम केलं" म्हणून खूश झाली. मला हसावं की रडावं तेच कळेना. मी दोन्ही केलं, बूथवाला बघतच राहिला. "तुझं काम कुनी चोरू नये म्हनून केलं गं," दादा रडवेल्या आवाजात म्हणाला, आणि मग माझा सगळा राग जागच्या जागी विरला. ज्याचं सगळंच गेलं, तो माझं काही जाऊ नये म्हणून जपत होता.

दुपारच्या गाडीनं दादा स्वतः फ्लॉपी घेऊन आला, नुसता सेट ए. सरांनी कुठं कुठं फोन करून लाईट टिकवली, कशी ते त्यांनी सांगितलं नाही. एक चतुर्थांश यादी, त्यामुळं काम लवकर आटोपलं. प्रिंटरनं कागद बाहेर ढकलला. गुळगुळीत टेकडी. शोधूनही सुळका सापडेना. आकाश कॉपी करत नव्हतं. निदान माझ्या यादीएवढं आकाश तरी करत नव्हतं.

"आता?" मी सरांना विचारलं.

"आता काय? उद्या सेमिनार."

"सर, अण्णा फेटा घेऊन येणारेत."

सरांनी प्रिंटरवरचा कागद फाडून घेतला. मग म्हणाले, "मी तुझ्या जागी असतो तर मलाही हे जड गेलं असतं, बेटा." त्यांनी हेसुद्धा सांगितलं नाही, की खरं बोल. आपली सुटका करणारं एक वाक्य ते बोलतील म्हणून मी वाट बघत होते, पण ते दोन्ही आलेख गुंडाळून माझ्या हातात देऊन निघून गेले.

दुसऱ्या दिवशी हॉल भरला होता. पुढच्या रांगेत मॅडम, मागं आमची गल्ली. अण्णा इस्त्रीच्या कपड्यांत, मांडीवर हाराचा पुडा. तीन सुळक्यांचा कागद माझ्या पिशवीत होता, आणि टेकडीचाही. पहिला दाखवला असता तर टाळ्या, फेटा, पुणं. खोटं उघडं पडायला वर्ष-दोन वर्षं लागली असती, तोवर मी कंधारच्या शाळेपासून लांब पोचले असते. हा हिशेब मी व्यासपीठावर उभी राहून केला, उगाच साळसूदपणाचा आव कशाला आणू? पण मग मला रविवारची चाचणी आठवली आणि माझंच मला हसू आलं. जन्मभर कॉपी पकडणारी मी, आणि पहिल्या मोठ्या परीक्षेत दादाची उत्तरपत्रिका उतरवू?

मी दोन्ही कागद शेजारी-शेजारी लावले आणि सगळं सांगितलं. नवं गाव, एकसारखी घरं, टेकडी, सुळके, वाट्या. "हे तीन सुळके आकाशाचे नाहीत," मी म्हणाले, "हे लातूरचे आहेत." हॉल खो-खो हसला. मी टाईप करणाऱ्याचं नातं सांगितलं नाही, पण मागून दादाच उभा राहिला. "मी केलं, मॅडम. आमच्याकडं चारच सेट काढतात." पुन्हा हशा. मॅडमही हसल्या, पण लगेच थांबल्या.

"तिनं तुम्हाला विचारायच्या आधी चाळीस हा आकडा तुम्ही तिला सांगितला होता?"

"न्हाई जी. तिनंच मला सांगितला."

मॅडमनी काहीतरी टिपून घेतलं आणि माझ्याकडं वळल्या. "म्हणजे तुला न सांगता कुणीतरी नक्कल लपवली, आणि तुझ्या पद्धतीनं ती पकडली. किती नकला, किती अंतरावर, सगळं. मग आकाशानं अशी नक्कल केली असती तर तीही तू पकडली असतीस. म्हणून तुझी ही गुळगुळीत टेकडी मी मानते. बरं, आता सांग, विश्वाचा आकार काय?"

मी अण्णांकडं बघितलं. "माहीत नाही, मॅडम," मी म्हणाले. "इतक्या अंतरापर्यंत आकाश पुन्हा येत नाही एवढं सांगते. त्याच्या पलीकडचं माहीत नाही."

मॅडमनी तिथल्या तिथं सरांना सांगितलं, की ही मुलगी मला हवी. सरांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. आणि मी बघितलं तर आमची गल्ली एकमेकांच्या तोंडाकडं बघत होती आणि अण्णा हाराचा पुडा हळूच पिशवीत घालत होते.

संध्याकाळच्या कंधारच्या गाडीत मी खिडकीशी आणि अण्णा शेजारी. नांदेड मागं पडलं तरी ते एक शब्द बोलले नाहीत. मॅडमचं हो आलं होतं, पण अण्णांची अट आपल्या जागी होती: काही सापडलं तर पुणं. आणि मी भर हॉलमध्ये माईकवरून सांगून बसले होते, की काही सापडलं नाही. "तुम्ही जेवलात का" आता कधी येतं, याची मी वाट बघत होते. डोळे भरून यायला लागले म्हणून बाहेर बघत बसले.

तेवढ्यात कंडक्टर तिकिटं फाडत आमच्यापाशी आला. अण्णांचाच माणूस तो, पेढे खाल्लेला. अख्ख्या गाडीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "काय अण्णा, मग? कसा हाय आकार विश्वाचा?"

गाडीतली सगळी डोकी आमच्याकडं वळली. अण्णांनी घसा खाकरला.

"माहीत न्हाई," अण्णा म्हणाले.

कंडक्टरचा हात तसाच राहिला. "माहीत न्हाई? अन् मग पेढे?"

"पेढे चुकून वाटले. काही सापडलं न्हाई पोरीला." अण्णांनी माझ्या पिशवीवरचा हात काढून माझ्या हातावर ठेवला. "म्हनून तर जावं लागून राहिलं तिला पुण्याला."